पन्नास हजार, जुने

“पाच हजार!” हिजामने ढोलावर टिपरी हाणली, श्वास घेतला आणि उरलेला शब्द सोडला. “नवे!”

मांडवात गालात नशेच्या पाल्याचा तोबरा भरून लोडाला रेललेली माणसं खदाखदा हसली. आहेर करणारा राजिह लालबुंद झाला. तो एका सेनापतीचा मेव्हणा होता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

“नवे-जुने कशाला करतोस रे? तुझं काम ओरडायचं.”

“तेच केलं, मालक. नोट जे बोलली तेच मी बोललो.”

“न्हाव्याच्या तोंडाला लगामच नाही!”

“मालक, उद्या याच न्हाव्यासमोर मान पुढे करायची आहे तुम्हाला. जरा जपून.”

पुन्हा हशा पिकला. हिजामने पुढचं नाव पुकारलं.

यमनच्या ताइझ शहरात लग्नाचा आहेर लपूनछपून देत नाहीत. कुणी किती दिला ते न्हावी ढोल वाजवून सगळ्यांना ऐकवतो. उद्या देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की तेवढाच आहेर परत न्यायचा. जास्त चालेल, कमी नाही. कमी नेला तर गल्लीत तोंड दाखवायची सोय उरत नाही. हिजामने चाळीस वर्षं हे काम केलं. या काळात त्याला चिरीमिरी देऊन आकडा फुगवायला सांगणारे खंडीभर भेटले, पण एक रियाल त्याने इकडचा तिकडे केला नाही. ढोल त्याच्या बापाचा. त्यावरचं बकऱ्याचं कातडं मात्र हिजामने स्वतः ताणलेलं होतं.

मग बड्या लोकांना यमनची काळजी वाटू लागली. एका बाजूला रियाध आणि त्याच्या पाठीशी वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला तेहरान. काळजी एवढी दांडगी की देश फाडून झाला तरी त्यांचं पोट भरेना, नोटाही फाटल्या. इकडच्या सरकारने रशियातून कोऱ्या करकरीत नोटा छापून आणल्या, तर तिकडच्यांनी त्यांना कचरा ठरवून जुन्याच कळकट नोटा चालू ठेवल्या. नाव तेच, आकडा तोच, पण तिकडच्या एका रियालला इकडचे अडीच मोजायचे. आणि दोन्हीकडचे शहाणे म्हणणार, देश एकच आहे! हिजाम या सगळ्यांच्या नावाने थुंकायचा.

आणि हिजामचा जुना मित्र फरहान याच्या मुलाचं लग्न नेमकं तिकडे ठरलं.

फरहानचं पंक्चरचं दुकान हौबानला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पूर्वी हिजामच्या दारापासून गाडीने तिथे पोचेपर्यंत एक सिगरेट पुरी व्हायची नाही. आता मध्ये खंदक आणि नेमबाज, म्हणून डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस जायचं. युद्धाआधी हिजामच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा भल्या घरच्या लोकांनी न्हाव्याचंच कार्य म्हणून पाचपाचशे टेकवले होते. फरहान चांगल्या खानदानातला. तो उठला आणि त्याने पन्नास हजार दिले. तो आकडा हिजामने स्वतः ढोल वाजवून पुकारला होता.

“पन्नास हजार साठलेत की,” त्याची बायको मुजना म्हणाली. “तेच द्या.”

“हे नवे गं. तिकडे चौकीवर काढून घेतात. बदलले तर वीस होतात.”

“मग वीस द्या. युद्ध काय तुम्ही लावलंत?”

“वीस हजार, हिजाम न्हावी! असं पुकारतील तिथे. जन्मभर लोकांची इज्जत मी पुकारली, आणि माझी अशी?”

“फरहानभाऊ समजून घेतील हो.”

“समजून घ्यायला लावायचं म्हणजे हात पसरायचाच की!”

दुसऱ्या दिवशी हिजाम सगळ्या नोटा आणि ढोल घेऊन शौकी सराफाकडे गेला. शौकी नोटा बदलून देई आणि दोन्ही सरकारांना मनापासून दुवा देई.

“ढोल इथे भिंतीवर टांगतो,” शौकी म्हणाला. “गिऱ्हाइकांना जुना काळ फार आवडतो.”

“होय तर. काळ जुना आवडतो आणि नोट जुनी दिली की अडीचपट घेता! मेल्या, तो सावलीत टांग, कातडं उन्हाने तडकेल.”

घासाघीस करून हिजामने नव्या नोटा आणि ढोल यांच्या बदल्यात पुरते पन्नास हजार मिळवले. जुन्या नोटा, जागोजाग चिकटपट्ट्या, वास कोंबड्यांच्या खुराड्याचा. पलीकडच्या चौकीवर शिपायाने त्याच्या चपलांचे तळसुद्धा उचकटून पाहिले. कळकट नोटा दिसल्यावर मात्र तो अदबीने म्हणाला, “जा, काका.” कळकटपणालाही इथे मान होता.

मांडवात फरहानने त्याला मिठी मारली आणि आत नेऊन बसवलं. आहेर सुरू झाला. तिथला पुकारा करणारा न्हावी होता नाजी. हिजामने पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली. नाजीने गाठही सोडली नाही.

“हिजाम, पन्नास हजार!”

हिजामने त्याचं मनगट धरलं. “न मोजता?”

नाजी त्याच्या कानाशी लागला. “यजमानांनी सकाळीच सांगून ठेवलंय. तुम्ही काहीही आणा, पन्नासच पुकारायचे.”

हिजामने पुरचुंडी परत ओढून घेतली. तोवर फरहान लगबगीने आला.

“अरे, तिकडचे हाल मला ठाऊक नाहीत का? आपल्यात कसला हिशेब?”

“आपल्यात नाही रे. पण हा माझा धंदा आहे, फरहान. खोटा आकडा मी कुणाच्या बापासाठी पुकारला नाही, आणि तू तो माझ्या नावावर पुकारायला लावतोस?” त्याने गाठ सोडून नोटा पसरल्या. “मोज, नाजी. सगळ्यांच्या देखत.”

नाजीने थुंकी लावत नोटा मोजल्या. पुरे पन्नास भरल्यावर नाजी उभा राहिला आणि त्याने नाव पुन्हा पुकारलं, या वेळी पोटातून. हिजामने डोळे मिटून ते ऐकलं. त्याला बरं वाटलं.

“चुकलं माझं,” फरहान म्हणाला. मग त्याने हिजामच्या मागे, बाजूला, दारापर्यंत पाहिलं. “पण ढोल कुठाय? पोराला सांगून ठेवलंय मी, हिजामकाकाच्या ढोलाशिवाय वरात हलणार नाही म्हणून. मला तुझ्याकडून तेवढंच हवं होतं, बाबा.”

“वाट लांबची,” हिजाम म्हणाला. “ओझं नको म्हणून घरीच ठेवला.”

फरहानने चिकटपट्ट्या लावलेल्या त्या नोटांकडे पाहिलं. मग हिजामच्या रिकाम्या हातांकडे.

ऊन उतरल्यावर वरात निघाली. पुढे नाजी वाजवत होता. दर आवर्तनात त्याचा शेवटचा ठोका निसटत होता. फरहान मित्राच्या खांद्याला खांदा लावून चालत होता. हिजामची बोटं त्याच्याच मांडीवर तो ठोका भरून काढत होती.