ग्रंथाखालची छडी

छडी दुसऱ्याच फटक्याला मोडली, आणि तीही मुठीजवळ, अगदी सरळ रेषेत. लाकूड असं मोडत नसतं, हे कातारणीच्या म्हाताऱ्या बापाला तुकडे बघताक्षणी कळलं. प्रार्थनाघरातल्या मुलांच्या वर्गाची छडी चाळीस वर्षं त्यांच्याच कारखान्यातून जायची, देवाची सेवा म्हणून. आधी तो लेथवर कातायचा, आता त्याची मुलगी.

"करवत लागलीय," तो म्हणाला. "फटीत मेण नि भुसा भरलाय. हे घरचंच काम."

घरचं म्हणजे नात. नऊ वर्षांची, एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. कारागिरी आईची उचलली होती, अक्कल मात्र अजून यायची होती. गुरुजींच्या हातातली छडी मोडली तेव्हा एक टोकदार ढलपी तिच्याच मैत्रिणीच्या, शिंपिणीच्या मुलीच्या, तळहातात घुसली.

गुरुजींचा निरोप सकाळीच आला. पुढच्या प्रार्थनेला नवी छडी आणायची आणि सगळ्यांसमोर पोरीला दहा फटके आईनेच मारायचे. नाहीतर या घराला प्रार्थनाघराचं दार कायमचं बंद. मुलांना वळण लावणं ही देवाची आज्ञा आहे म्हणे.

कातारणीचा पारा चढला, तो आधी पोरीवरच. हात वर गेलासुद्धा. आणि भिंगरीने डोळे घट्ट मिटून, न सांगता, तळहात पुढे केला. इतकी सवय! कातारणीला स्वतःचीच लाज वाटली. ती खालीच बसली.

"का केलंस?"

"ती रोज मार खाते. मला बघवत नव्हतं."

"आणि लागलं कुणाला?"

भिंगरीला रडू फुटलं. मार खाऊन ती कधी अशी रडली नव्हती.

"हात बरा होईपर्यंत तिचं दप्तर तू उचलायचंस, तिचं लिखाण तू करायचंस. आणि करवत कुणी चालवली ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचंस."

"त्यापेक्षा मार ना!" भिंगरी कळवळली.

"नाही. मार सोपा पडेल तुला."

म्हाताऱ्याला हे काही पटेना. "मी तुला कमी झोडलंय? बिघडलीस का?"

"बिघडले नाही, आबा. खोटं बोलण्यात तरबेज झाले. अजून देवापुढे हात जोडले की आधी तुमचा हात आठवतो, मग देव."

आबा उठले. पोटमाळ्यावर जुना पॉलिश पेपर शोधायला म्हणून गेले, ते बराच वेळ खाली आले नाहीत.

पुढचे तीन दिवस मायलेकी संध्याकाळी लेथपाशी होत्या. प्रार्थनेच्या दिवशी तिघं जण सगळ्यांच्या आधी जाऊन काम उरकून आले.

प्रार्थनाघर खच्चून भरलं. ग्रंथाच्या मेजाचे पाय दोन वर्षं डुगडुगत होते, खाली कागदाच्या घड्या कोंबून गुरुजी कसंबसं वाचन करत. त्या दिवशी मेज हललं नाही, पण गुरुजींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"छडी कुठाय?" वाचन संपताच त्यांनी विचारलं.

आधी भिंगरी उभी राहिली. "छडी मी कापली. तिला माझ्यामुळे लागलं. चूक झाली." मैत्रिणीकडे बघून ती म्हणाली, गुरुजींकडे नाही.

"आता फटके," गुरुजी म्हणाले.

कातारीण उठली. "माझ्या पोरीचं वळण माझ्या घरी सुरू झालंय, आणि ते छडीपेक्षा जड आहे. विचारा तिला. रोज इथे आमच्याकडून म्हणवून घेता की देव दयाळू आहे. मग त्याचं नाव घेऊन लेकरांवर हात कसा उचलता? यापुढे आमच्या लेथवर छडी कातली जाणार नाही. दार बंद करायचं तर करा. देव काही तुमच्या कडीकोयंड्यात राहत नाही."

"उर्मटपणा पुरे! निदान मोडलेली तरी परत दे. ती प्रार्थनाघराची आहे."

"दिलीय की. तिच्या आठ खुंट्या करून मेजाच्या पायांच्या सांध्यांत ठोकल्यात माझ्या पोरीने. तुमचा ग्रंथ त्यांच्यावरच उभा आहे. छडी हवी असेल तर ग्रंथ खाली उतरवा आणि मेज मोडा."

गुरुजींनी मेजाला हात घालून जोराने हलवलं. मेज ढिम्म.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आबांचा खणखणीत आवाज आला, "सरस मी लावलाय, गुरुजी. निघायच्या नाहीत त्या."