झाकणाच्या आतले आकडे

मी एक जुनी टेनिसची बॅग आहे. जवळ आलात तर नाक दाबाल, आणि मला त्याचा राग येणार नाही. पाच वर्षांचा घाम, ओले मोजे, सांडलेलं मलम, सगळं माझ्या अंगात मुरलंय. पण मित्रांनो, घामाच्या वासाचं मला कधी वावडं नव्हतं. तो कामाचा वास आहे. ज्या वासाने मला शिसारी आली तो वेगळा होता.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. निळं जाड कापड, सहा रॅकेट मावतील एवढं पोट, खाली बुटांसाठी जाळीचा कप्पा आणि वर तीन बाजूंनी चेन असलेलं मोठं झाकण. त्या झाकणाला आतून पांढरंशुभ्र अस्तर. मला शिवणारी बाई शेजारणीला म्हणाली, "पांढरं कशाला लावतात गं हे? कुणाला दिसणार आहे आत?" शेजारीण म्हणाली, "जिची बॅग, तिला."

एका स्पर्धेत बक्षीस म्हणून मी एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर गेले. ती उंच होती आणि हाडापेराने भक्कम. माळ्यावरचं काहीही काढायचं असलं की घरात तिलाच हाक मारली जाई, म्हणून सगळे तिला शिडी म्हणत. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, दिवसभर त्याच्या यंत्राची करकर. बाबा शाळेची बस चालवायचे. आई गणवेशाच्या दुकानात शिवायला जायची. सकाळी बस काढण्याआधी बाबा शिडीला मैदानावर नेत आणि बादलीतले जुने चेंडू एकेक करून तिच्याकडे टाकत. घरी आल्यावर शिडी अशी जेवायची की आई म्हणे, "अगं, भांडं तेवढं ठेव."

काय दिवस होते ते! अठराव्या वर्षी शिडी व्यावसायिक खेळाडू झाली. ऐकायला भारदस्त वाटतं, पण खरं सांगू? एकटीने बसचे प्रवास, बेसिनमध्ये धुतलेले मोजे, ते वाळत घालायला रॅकेटची जाळी. पहिल्या फेरीत हरली की त्याच दिवशी परत. पण हरून आली तरी ती शिट्टी वाजवत माझी चेन लावायची. हळूहळू ती जिंकू लागली. एका वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, तिच्या खांद्यावर मी. बाबांनी तो बसमध्ये आरशाखाली चिकटवला. चढणारं प्रत्येक पोर विचारायचं आणि बाबा प्रत्येकाला तितक्याच उत्साहाने सांगायचे.

तो फोटो बघून सर आले.

सरांचा शर्ट कडक इस्त्रीचा, आवाज मऊ, अंगाला अत्तराचा मंद वास. दोन मोठ्या खेळाडू त्यांच्या हाताखाली तयार झाल्या होत्या. आमच्या घरी बसून ते बाबांना म्हणाले, "मुलीच्या हातात जादू आहे. फक्त अंगावरचं ओझं उतरवायला हवं. माझ्यावर सोडा."

"सोडलं," बाबा लगेच म्हणाले. आईने फक्त शिडीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओझं कुठे आहे ते तिला दिसेना.

पहिल्याच दौऱ्यावर सरांनी हॉटेलच्या खोलीत वजनकाटा ठेवला. शिडी त्यावर उभी राहिली. सरांनी आकडा पाहिला, खिशातून काळा मार्कर काढला, माझं झाकण उघडलं आणि त्या पांढऱ्या अस्तरावर तो आकडा लिहिला. तारखेसकट.

"रॅकेट घ्यायला झाकण उघडशील ना, बाळा?" ते गोड आवाजात म्हणाले. "प्रत्येक वेळी दिसला पाहिजे."

कुणी तोंड उघडायला लावून आत थुंकावं, तसं मला वाटलं. मार्करचा तो उग्र दर्प कितीतरी दिवस गेला नाही. आणि गेला असता तरी काय? दुसऱ्या दिवशी नवा आकडा होताच. आकडा वाढला तर सर त्याखाली दोन रेघा मारत आणि त्या दिवशीचं जेवण बंद. सरावाच्या वेळी इतर मुलींसमोर विचारत, "काय, आज आमच्या म्हशीची तब्येत कशी आहे?" मुली हसायच्या. शिडीही हसायची. तिचं ते हसणं मला जास्त लागायचं.

आणि मग शिडी चोरून खाऊ लागली. नाश्त्याच्या टेबलावरचे पाव ती मोज्यात घालायची, मोजा बुटात आणि बूट माझ्या खालच्या कप्प्यात. दिवसभर उपाशी राहून ते शिळे पाव ती न्हाणीघरात उभ्या उभ्या बकाबका खायची. नंतर भीतीने तिला भडभडून उलटी व्हायची आणि खाल्लेलं सगळं बाहेर पडायचं. तोंड पुसलेला टॉवेल पुन्हा माझ्याच पोटात. उरलेल्या पावांवर हिरवी बुरशी धरली. ओकारीचा आंबट वास, बुरशी आणि मार्कर, हे सगळं एकत्र कोंडलेलं. शी!

आता एक कबूल करते. तेव्हा मला किळस आली ती शिडीची. मला वाटे, काय ही गलिच्छ पोरगी! हिच्यापेक्षा मी दुकानात पडून राहिले असते तर बरं झालं असतं. ती मला उचलायची तेव्हा मी मुद्दाम जड होत असे. कुणाची शिसारी यायला हवी होती आणि मला कुणाची येत होती! आज त्या गोष्टीची लाज वाटते.

घरी फोन आला की शिडी म्हणायची, "मी मजेत आहे." सर तिला मोजून जेवायला देतात एवढंच ठाऊक असलेले बाबा म्हणायचे, "वाघीण उपाशी असली की शिकार चांगली करते," आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसायचे.

वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा आली. दुसऱ्या फेरीत समोर डावखुरी, अनुभवी खेळाडू होती. पहिला सेट शिडीचा, दुसरा तिचा. तिसऱ्या सेटमध्ये शिडी पाच-दोन अशी पुढे गेली. एक गेम, की सामना हातात. तेवढ्यात तिच्या रॅकेटची तार तुटली. ती बाकाकडे आली आणि तिने माझं झाकण उघडलं. त्या सकाळच्या आकड्याखाली दोन रेघा होत्या. तिने त्या पाहिल्या. तिचे ओठ पांढरे पडले होते. रॅकेट घेऊन ती गेली खरी, पण चेंडूपर्यंत वेळेवर पोचेना. सोपे चेंडू जाळीत जाऊ लागले. पाच-पाचवर ती बाकाशी येऊन टॉवेलमध्ये ओकली. ओकायला पोटात होतं काय? नुसतं पिवळं पाणी. तिने टॉवेल माझ्यात कोंबला, चेन लावली आणि जाऊन उरलेले दोन गेम हरली.

बाहेर एक वार्ताहर उभा होता. सरांनी शिडीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळहळत म्हणाले, "खेळ आहे हो, पण मन कच्चं आहे. आम्ही काम करतोय त्यावर." वार्ताहर निघून गेल्यावर त्यांनी तो हात रुमालाला पुसला.

मित्रांनो, त्या रुमालाने माझे डोळे उघडले.

घरी आल्यावर शिडीने मला पलंगाखाली ढकललं. तिसऱ्या दिवशी आई वासाचा माग काढत आली. तिने मला बाहेर ओढलं, चेन उघडली आणि झटकन तोंड फिरवलं. पण झाकण मिटलं नाही. टॉवेल काढला. मोजे काढले. मोज्यातून हिरवे तुकडे जमिनीवर पडले. मग तिने झाकणाच्या आत पाहिलं. तारखा, आकडे, रेघा. उतरत जाणाऱ्या आकड्यांवर तिने बोट फिरवलं, अगदी शेवटच्यापर्यंत.

"अहो," तिने हाक मारली. "इकडे या. नाक घाला ह्यात."

"अगं, खेळाडूंच्या बॅगा अशाच—"

"आधी वास घ्या. मग बोला."

बाबांनी वाकून वास घेतला आणि त्यांना ठसका लागला. "हे काय आहे?"

"तुमची वाघीण," आई म्हणाली. "वाचा आतलं."

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते तिथेच जमिनीवर बसले. दारात शिडी उभी होती. "बाबा, मी साफ करते, मी करणारच होते," ती घाईघाईने म्हणाली. बाबांनी तो ओला, घाणेरडा टॉवेल स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, "तू बस. मी धुतो." ते न्हाणीघरात गेले. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

आठवड्याने सर आले, पुढच्या दौऱ्याची तिकिटं घेऊन. "अजून तयारी नाही?" त्यांनी विचारलं.

शिडीने मला टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडून त्यांच्यापुढे धरलं. "वाचा, सर. मोठ्याने."

"हे तुझ्याच भल्यासाठी आहे, बाळा."

"मग वाचा ना. आईबाबांना ऐकू दे."

सरांनी तिकिटं परत खिशात घातली. खालच्या यंत्राची करकर तेवढी चालू होती. शेवटी ते म्हणाले, "माझ्याशिवाय हिचं करिअर संपलं समजा."

"चालेल," बाबा म्हणाले. "जिना तिकडे आहे."

आईने शिवणाची मोठी कात्री घेतली आणि माझं झाकण कापून काढलं. दुखलं, पण हायसं वाटलं. ते झाकण पुरावा म्हणून टेनिस संघटनेच्या कार्यालयात दिलं गेलं. तिथल्या साहेबाने दोन बोटांनी उचलून ते फायलीत ठेवलं. सरांना शिक्षा झाली, सहा महिने घरी बसण्याची. फक्त सहा महिने! शिडीला डॉक्टरांच्या औषधाने आणि समजावण्याने नीट जेवता यायलाच त्याहून जास्त काळ लागला. पहिल्यांदा ती अर्धी पोळी न घाबरता जेवली, तेव्हा आईने पाठ फिरवून ओट्यावरचं काहीतरी पुसल्यासारखं केलं.

शिडी आता बावीस वर्षांची आहे. क्रमवारीत ती पार तळाला गेली होती, तिथून पुन्हा वर चढते आहे. कधी जिंकते, कधी हरते. तिच्याकडे नवी बॅग आहे. मी बाल्कनीत असते, बिनझाकणाची. पाऊस थेट आत येतो.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला. तोच कडक शर्ट, शेजारी सतरा वर्षांची नवी खेळाडू. मजकुरात लिहिलं होतं, शिस्तप्रिय प्रशिक्षक. शिडीने त्या मुलीचा नंबर मिळवला आणि बाल्कनीत येऊन फोन लावला.

"मी मजेत आहे, ताई," पलीकडून आवाज आला.

"हो का?" शिडी म्हणाली. "आज काय जेवलीस?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. शिडी फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. मग तिने एका हाताने चपला घातल्या आणि आईला खुणेने सांगितलं, मी त्या मुलीकडे जाऊन येते.

मित्रांनो, कुणाच्या दप्तराला, कपड्यांना, खोलीला घाण वास आला तर नाक मुरडून पुढे जाऊ नका. माझ्यासारखी चूक करू नका. जवळ बसा आणि विचारा. आणि "मी मजेत आहे" असं उत्तर आलं, तर तेवढ्यावर फोन ठेवू नका.