आत्याला नंतर जोडून घेऊ

लग्न ठरलं तेव्हा वडिलांचा भाबडा समज असा होता, की आधी हॉल बघायचा, मग तारीख धरायची आणि फोटोग्राफरला कुणीतरी आठवणीने फोन करायचा. त्यांचं स्वतःचं लग्न तसंच झालं होतं आणि त्याचे सगळे फोटो एका पाकिटात मावले होते. लेकीने त्यांना शांतपणे समजावलं, की तारीख म्हणजे फोटोग्राफरला ज्या दिवशी सवड आहे ती, आणि हॉल म्हणजे तो म्हणेल तो. नवरा तेवढा तिने स्वतः निवडला होता. एवढं तरी तिच्या हातात राहिलं, याचंच वडिलांना समाधान वाटलं.

फोटोग्राफर काळ्या कपड्यांतला, मृदू बोलणारा तरुण होता. तो हॉल बघायला यायचा, पण हॉल बघायचा नाही. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायची आणि तिच्यातून दिसेल तेवढंच जग खरं मानायचं, अशी त्याची रीत होती. पहिल्या हॉलच्या खुर्च्या लाल निघाल्या. दुसऱ्याला पंखे होते. तिसऱ्यात दारावर बाहेर जाण्याच्या वाटेची हिरवी पाटी पेटलेली होती, आणि आग लागली तर माणसांनी पळायचं कुठून हा प्रश्न फ्रेमपुढे अगदीच क्षुल्लक ठरला. वडील प्रत्येक ठिकाणी संडास कुठे, गाड्या कुठे लावायच्या, असलं काहीबाही विचारत आणि सगळे जण ऐकू न आल्यासारखं करत.

मग टेकडीवरची ती जुनी दगडी इमारत सापडली. तिथे फारसं काही नव्हतं, एक जिना होता. पण जिना असा, की खालून वर बघताना मान दुखावी. वळण घेत घेत चढणारा, माथ्यावर गच्ची आणि गच्चीवर मोकळं आभाळ. लेक मधल्याच एका पायरीवर नुसती उभी राहिली. फोटोग्राफरने चौकट डोळ्यांपुढे धरली ती बराच वेळ खाली घेतलीच नाही. तिथल्या व्यवस्थापकाने माहिती पुरवली, की समारंभ, जेवणखाण, सगळं वर गच्चीवरच असतं.

वडिलांना ताई आठवली.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, लेकीची आत्या. लेकीची आई गेली तेव्हा लेकीचे दुधाचे दातही पडले नव्हते. आत्या त्या वेळी मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होती. तिथली खोली सोडून ती भावाच्या घरी राहायला आली, आणि या पोरीच्या वेण्यांपासून गणितापर्यंत सगळं तिनेच निस्तरलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून मात्र तिचं चालणं वॉकर धरून घरातल्या घरात, बेडरूम ते बाल्कनी, एवढंच उरलं होतं.

वडिलांनी लिफ्टचं विचारलं. लिफ्ट बसवली असती तर जिन्याची शोभा गेली असती, असं व्यवस्थापक म्हणाला. "हो, तेही खरंच," वडील म्हणाले.

त्यांना तरी काय बोल लावायचा? सगळी नोकरी त्यांनी पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीमागे काढली होती. कुणालाही नाही म्हणायचं नाही, फक्त 'बघतो' म्हणायचं, एवढ्या भांडवलावर माणूस सुखरूप निवृत्त होतो हे त्यांनी स्वतः सिद्ध करून दाखवलं होतं. जिन्याचं बुकिंग झालं.

परतताना गाडीत त्यांनी धीर करून विचारलं, की आत्याचं काय करायचं. लेकीचा चेहरा उतरला. तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. लक्षात येऊ नये म्हणून तिने बरीच मेहनत घेतली होती. गाडी चालवता चालवता होणारा जावई म्हणाला, आपण चौघे मिळून खुर्चीसकट उचलू. फोटोग्राफर म्हणाला, वळणावर कुणाचा पाय घसरला तर केवढ्याला पडेल, आणि तसंही उचलून नेलेलं माणूस फोटोत बरं दिसत नाही. मग त्याने साध्या सर्दीवर गोळी सांगावी तसं सांगून टाकलं, "आत्यांना नंतर जोडून घेऊ."

हल्ली सर्रास करतात म्हणे. आत्यांचा फोटो आधीच घरी काढायचा, मागचं सगळं पुसायचं आणि लग्नाच्या फोटोत त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं. कुणाला शंकासुद्धा येत नाही. एका लग्नात तर त्याने वारलेले आजोबा जोडले होते आणि हयात पाहुण्यांपेक्षा तेच टवटवीत दिसत होते. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. ताईला हे सांगायचं काम अर्थातच वडिलांच्या गळ्यात पडलं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझ्या फोटोने जायचं आणि मी घर राखायचं?" वडील म्हणाले, बघतो. "बरं, येऊ दे त्याला," ती म्हणाली. ताईने इतक्या झटकन होकार दिलेला वडिलांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

ठरल्या दिवशी फोटोग्राफर आला. कपाट सरकलं, टीपॉय बाहेर गेला, भिंतीवर हिरवं कापड चढलं. आत्या लग्नासाठी घेतलेले कपडे घालून, केस नीट बसवून, वॉकर बाजूला ठेवून खुर्चीत ताठ बसली. लेक घरच्याच कपड्यांत होती. उजेड आत्याच्या तोंडावर पडावा म्हणून चकचकीत रुपेरी तबकडी धरून उभं राहण्याचं काम तिला मिळालं होतं.

फोटोग्राफरने समजावलं, की नवरी समोर बोहल्यावर उभी आहे असं समजून वर बघायचं. वर पडद्याचा दांडा होता. आत्याने त्या दांड्याकडे मायेने पाहिलं. थोडं भरून येऊ दे, असं तो म्हणाला, तर तिने विचारलं, की पाणी कुठल्या डोळ्यात हवंय. तो म्हणाला, डावा चालेल. मग टाळ्या वाजवून झाल्या, हसून झालं. वडील दारात उभे होते आणि उगाचच चष्मा पुसत होते.

शेवटचा फोटो जवळिकीचा होता. नवरी खाली वाकते आणि आत्या तिच्या गालावर हात ठेवते, असा. आत्याने हवेत हात धरला. फोटोग्राफरने तो थोडा वर करायला लावला, मग थोडा पुढे, मग बोटं जरा सैल. रिकाम्या हवेला गोंजारत ती बसली होती. हात अवघडला तेव्हा ती म्हणाली,

"ती ही काय, समोरच उभी आहे. तिचाच गाल धरला तर चालणार नाही का?"

"नको आत्या," फोटोग्राफर प्रेमाने म्हणाला, "कपडे मॅच होणार नाहीत."

वडिलांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. हे सगळं आपल्या एका 'तेही खरंच'ने केलंय, हे त्यांना स्वच्छ दिसलं. ते आत गेले, कोट चढवून बाहेर आले, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि ताईच्या शेजारी बसले.

"माझाही काढून घ्या," ते म्हणाले.

"तुमचा कशाला? तुम्ही तर तिथे असणारच ना."

"नाही," वडील म्हणाले. हा शब्द तोंडात इतका नवा होता, की त्यांनी तो पुन्हा एकदा म्हणून बघितला. "नाही. मी त्या दिवशी इथे असणार आहे. ताईजवळ. मलाही नंतर जोडा."

फोटोग्राफर हाडाचा व्यावसायिक होता. दोघांना जोडायचं तर खुर्च्या थोड्या लांब लागतील, एवढंच त्याचं म्हणणं पडलं. मग तो मागे वळून म्हणाला, तबकडी वर घ्या, उजेड गेला.

तबकडी वर आली नाही. लेकीने ती भिंतीला टेकवून ठेवली होती आणि ती रडत होती, दोन्ही डोळ्यांनी, कुणीही न सांगता. रडतच तिने होणाऱ्या जावयाला फोन लावला. जिना रद्द कर, ती म्हणाली. पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं, कारण ती बराच वेळ नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "फोटो कसेही येऊ देत. आत्या स्वतः येणार आहे."

"अगं, असं परस्पर काय सांगतेस?" आत्या म्हणाली. "मला अजून कुणी बोलावलंय कुठे?"

लेकीने फोन बंद केला. वडिलांनी आठवून पाहिलं. गाडीत, घरात, फोनवर इतकं बोलणं झालं होतं, पण हे खरोखरच कुणी केलं नव्हतं. लेक आत्यासमोर जमिनीवर बसली, नाक पुसलं, आणि तिने आत्याला लग्नाला बोलावलं.