आधी मेन बंद

नळाची कुठलीही जोडणी उघडायची तर आधी मेन व्हॉल्व्ह बंद करायचा, हा प्लंबरचा पहिला धडा. विसरलात की घरात तळं! त्याने हा धडा उभ्या आयुष्यात कधी मोडला नव्हता, आणि नेमका तोच त्याला नडला.

ऑपरेशननंतर बायकोच्या थायरॉइडच्या कॅन्सरने पुन्हा डोकं वर काढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी दिली आणि समजावलं, "ही गाठ लबाड असते. शरीराला हाका घालते आणि स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेते. गोळी त्या हाकाच दाबते."

"म्हणजे चोरून घेतलेलं कनेक्शन तोडायचं!"

"तसंच समजा. पण कुठे कापायचं, उपटायचं झालं तर आधी मला विचारा."

हे शेवटचं वाक्य त्याच्या या कानाने आत शिरलं नि त्या कानाने बाहेर पडलं. कनेक्शन तेवढं डोक्यात पक्कं बसलं.

गळ्यावरची गाठ खरोखर आटली. "अहो, तो पाना जेवणाच्या टेबलावरून उचला आधी!" असं बायको पुन्हा ओरडायला लागली, आणि त्या ओरडण्यानेच त्याला भरून यायचं. मग तिची दाढ ठणकू लागली.

"डॉक्टरीणबाईंना विचारू या का?" ती म्हणाली.

"अगं, एवढ्याशा दाढेसाठी? उलट बरंच आहे. गोळी चालू म्हणजे मेन बंद. रक्त येणारच नाही!"

दातांच्या डॉक्टरने कुठली औषधं चालू आहेत विचारलं, तेव्हाही हाच शहाणा पुढे झाला. "थायरॉइडची गोळी, बस."

दाढ निघाली, पण खड्डा काही भरेना. आत पांढरं हाड दिसायला लागलं. तिला पाण्याचा घोटही नकोसा झाला.

डॉक्टरीणबाईंनी तो खड्डा तपासला. मग हळू म्हणाल्या, "जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्याच लागतात हो. शरीर तीच हाक घालतं. गोळीला चोर कोण, साव कोण, कळत नाही. आता जखम भरेपर्यंत ती थांबवायची."

"आणि गाठ?"

"तिला मोकळं रान."

रोज सकाळी तो सिंकखाली वापरायची बॅटरी घेऊन तिच्या तोंडात बघायचा. गळ्याकडे बघायचं मात्र टाळायचा. एकदा त्याला राहवलं नाही. "माझीच अक्कल शेण खायला गेली. माझ्या हाताने मारलं तुला."

"मेले नाहीये अजून. आ केलाय, नीट बघा."

शेवटी एका सकाळी खड्डा मिटलेला दिसला. वर कोवळी, गुलाबी कातडी धरली होती. "भरली गं! जखम भरली!" तो लहान मुलासारखा ओरडला.

ती हसली नाही. तिने त्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला. बोटांखाली गाठ होती, पहिल्यापेक्षा मोठी.

"हिनेही हाका घातल्याच की," ती म्हणाली. "आणा आता ती गोळी."

त्याने गोळ्यांचा डबा उचलला, झाकणावर हात ठेवला आणि थांबला. मग डबा खाली ठेवून त्याने आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.