दुसरा कॉमा

हौसरावांची उभी हयात पतसंस्थेत कॉमे देण्यात गेली. उजवीकडून पहिला कॉमा हजाराचा, दुसरा लाखाचा, तिसरा कोटीचा. मोठा आकडा वाचताना ते शून्यं मोजायचेच नाहीत. दुसऱ्या कॉमाच्या डावीकडे जे उभं असेल ते लाख, झालं. रिटायर होऊन पाबळजवळच्या वस्तीवर राहायला आले तरी ही सवय गेली नाही, आणि तिचा तोरा तर त्याहून नाही.

वस्तीवरची पोल्ट्री सुनेची, प्रगतीची. मुलगा विश्वजीत रांजणगावला कंपनीत शिफ्टा करायचा, त्यामुळे खाद्य, लस, अंडी नेणारा व्यापारी, सगळं तिच्याच अंगावर. व्यापारी हौसरावांना रामराम घालायचा आणि भाव मात्र "ताईंना विचारतो" म्हणायचा. हे हौसरावांना टोचायचं. आता सुनेवर जळतोय असं कुठला सासरा बोलून दाखवील?

पोल्ट्रीला वर्ष झालं म्हणून भावकीला जेवायला बोलावलं. प्रगतीचे वडील हनुमंतरावही केडगावहून आले. जेवणं उरकली, सुपारी फिरली आणि हौसरावांना हिशेबाची उबळ आली.

"चार हजार पक्षी. पक्ष्यामागं तीनशे अंडी. म्हंजी बारा लाख अंडी व्हायला पायजेल," ते तोंडीच बोलले. इथवर बिनचूक. "आन् ट्रे किती गेले गं?"

"चाळीस हजार, आबा," ताटं उचलता उचलता प्रगती म्हणाली.

एका ट्रेत तीस अंडी. विश्वजीतनं नवा कॅल्क्युलेटर आणला होता, तो त्यांनी पुढं ओढला आणि चाळीस हजाराला तिसानं गुणलं. यंत्र आपणहून कॉमे देत होतं, ते बघून त्यांना बरं वाटलं. 1,200,000. दुसऱ्या कॉमाच्या डावीकडे एक, त्याच्यापुढं दोन, मग नुसती शून्यं.

"एक लाख वीस हजार," त्यांनी वाचलं. "मग बाकीची गेली कुठं?"

"आबा, परत बघा. चुकलं आसंल कायतरी."

"माझं?" हौसराव भावकीकडं बघून हसले. "जन्मात माझा आकडा चुकला न्हाई. दहातली नऊ अंडी कमी हायेत. म्हायेरच्या वाटंनं जात्यात का?"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! नऊ हिस्से अंडी पळवायची तर रोज टेम्पो लागला असता, आणि वस्तीला वाट एकच, हौसरावांच्या खाटेपुढून जाणारी. पण भर भावकीत हे बोलायला कुणी तोंड उघडलं नाही. हनुमंतराव उठले. प्रगतीनं ताटं खाली ठेवली, पिशवी भरली आणि बापामागं निघाली. खरं सांगायचं तर त्या घटकेला हौसरावांना आतून गारेगार वाटलं.

दुसऱ्या दिवशी विश्वजीत शिफ्टवरून आला आणि भडकला. "दाखवतोच तुला," म्हणत हौसरावांनी, व्हायला हवी होती तेवढी अंडी, चार हजार गुणिले तीनशे, कॅल्क्युलेटरवर मांडली. पडद्यावर कालचाच आकडा उमटला.

त्यांनी पुसून पुन्हा मांडला. तोच. मग नखानं एकेक शून्य मोजत गेले. यंत्र इंग्रजी पद्धतीनं तीन-तीन आकड्यांवर कॉमा देत होतं. बारा लाख. एक अंडंसुद्धा कमी नव्हतं.

पोराकडं वर बघवेना. शेडमध्ये पक्षी खाद्यासाठी कलकलत होते आणि कुठल्या पोत्यातलं किती घालायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

न्हावरे गावावरून केडगाव गाठेपर्यंत त्यांनी मनात यंत्रावर खापर फोडून घेतलं. हनुमंतरावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. हौसरावांनी कॅल्क्युलेटर काढून प्रगतीला सगळं समजावलं, बोट ठेवून.

"म्हंजी चूक मशीनची?" तिनं विचारलं.

व्हय म्हणणं फार सोपं होतं. हौसरावांनी यंत्र खिशात टाकलं.

"न्हाई. तू परत बघा म्हणालीस, मी बघितलं न्हाई. बघावंसंच वाटलं न्हाई. तू चोर निघालीस ते मला बरं वाटलं, पोरी." "माफ कर."

प्रगती म्हणाली, "हे हितं नका सांगू, आबा. जिथं बोल्लात तिथं बोला."

त्यांनी तिथंच चुलतभावाला, हौशीरामला, फोन लावला. अवघी भावकी त्याच्या शब्दावर गोळा व्हायची. नीट ऐकू येत नाही म्हणून हौसरावांच्या फोनचा आवाज कायम मोठा असायचा.

"हौशीराम, उद्या समद्यांना घेऊन घरी ये. पोल्ट्रीच्या हिशेबाचं बोलायचंय."

"येतो की!" हौशीराम पलीकडून गरजला. "का, कबूल झाली व्हय चोरटी?"

घरात सगळ्यांना ऐकू गेलं. हनुमंतरावांनी मान फिरवली. प्रगती मात्र सासऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तिनं काय केलंच न्हाई रं," हौसराव म्हणाले. "मला कबूल व्हायचंय." पुढं हौशीराम "म्हंजी काय? म्हंजी काय?" करत राहिला, पण "उद्या समद्यांम्होरं सांगतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला.