दहा ग्रॅम

सिस्टरने बाळाला काट्याच्या पाळण्यात ठेवलं आणि काटा डुलायचा थांबेपर्यंत खोलीत कुणी श्वासही घेतला नाही.

"सव्वातीन पौंड. कालच्याइतकंच."

बाळाच्या आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. आजीने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. नात दिवस भरण्याआधीच जन्मली होती. आठवडा होत आला, काटा जागचा हलत नव्हता. लेकीने अन्नावरची वासनाच सोडली होती.

आजीचं कापडाचं दुकान. देशात जुनी मापं जाऊन नवी येत होती. आधी रस्त्यावरचे मैलाचे दगड बदलले, मग वाण्याची वजनं. आजी मात्र हटून बसलेली. "मीटरबिटर तुमच्या घरी. इथे कापड जुन्या वारानेच मोजून मिळेल," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची. तिच्यामागे लोक तिला 'वारबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

म्हणून दुसऱ्या सकाळी दवाखान्यात नवा काटा आलेला पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"आता माझ्या नातीवरही सरकारचे प्रयोग का?"

"आजी, वजन तेच आहे. याच्या रेघा तेवढ्या बारीक आहेत." सिस्टरने वाकून आकडा वाचला. "चौदाशे सत्तर ग्रॅम."

"चौदाशे?" लेकीने मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिने आपणहून काही विचारलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरने आकडा दोनदा वाचला.

"चौदाशे ऐंशी. दहा ग्रॅम वाढली हो!"

"दहा ग्रॅम म्हणजे केवढं गं?" आजीने हळूच विचारलं.

"दोन चमचे साखर समजा."

"जुन्या काट्यावर दिसलं असतं?"

"छे! कदाचित आधीही वाढत असेल ती. आपल्याला कळत नव्हतं, एवढंच."

आजीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिली. मग काट्याच्या थंड पत्र्यावरून, पाठ थोपटावी तसा, तिने हात फिरवला.

"आई," लेक उठून बसत म्हणाली, "काही खायला आणलंयस का?"

घरी जायचा दिवस उजाडला तेव्हा समोरच्या खाटेवर एक नवी बाळंतीण आली होती. सिस्टरने सांगितलेलं वजन तिचा नवरा बोटांवर जुन्या मापात उतरवत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. जावई गाडी घेऊन दारात खोळंबला होता. आजीने हातातली पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्या बाळंतिणीच्या उशाशी जाऊन बसली.

"पौंडात नको मोजूस, बाळा," ती बोटांवर मोजणाऱ्या नवऱ्याला म्हणाली. "ग्रॅममध्ये विचारत जा. त्यात लेकरू रोज वाढताना दिसतं."