बाटलीतलं औषध

कंबरेचं हाड मोडल्यापासून सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. भरवणं, कूस बदलणं, डायपर बदलणं, सगळं सुनेच्याच अंगावर. नणंद रविवारी यायची, उंबऱ्यातूनच चुका काढायची.

जांघेत लाली दिसली तेव्हा नणंदेने सुनेकडे असं पाहिलं, जणू तिनेच ती रंगवली होती.

"स्वच्छता कमी पडतेय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी जंतुनाशकाची बाटली घेऊन आली. "तुझ्याच्याने व्हायचं नाही. संध्याकाळी कामावरून सुटले की मीच येत जाईन."

आणि खरंच रोज येऊ लागली. औषध थेट कापसावर ओतायची. सासूबाई चादर मुठीत आवळून धरायच्या.

"ताई, निदान पाणी तरी घाला त्यात."

"पाण्याने जंतू मरतात होय? झोंबतंय म्हणजे काम करतंय."

लालीचे चट्टे झाले, मग कातडीच सोलवटली. नवऱ्याला सांगितलं तर त्याने हात वर केले. "तुम्ही दोघी बघा. मला मध्ये घेऊ नका."

मध्ये घ्यायला हा होता कुठे, असं मनात म्हणत सुनेने डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी तपासलं, बाटली बघितली आणि कपाळाला हात लावला. "हे नाजूक जागी लावतात का? पाणी घालूनसुद्धा नको. आधी नुसता ओलसरपणाचा त्रास असेल, आता कातडी पोळली आहे. कोमट पाण्याने धुवा, हलकं टिपा, चोळू नका. हे मलम लावा."

त्या गेल्यावर सून वैतागून म्हणाली, "आई, एवढी आग होत होती तर बोलायचं नाही का?"

सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. "ती रोज यायला लागली होती गं. बोलले असते तर रुसली असती."

सुनेला राग आला, आणि तो नेमका कुणाचा हे कळेना.

बाटली बंद केल्याचं कळताच नणंद रुसलीच, यायचीही थांबली. कातडी हळूहळू भरून आली, पण सासूबाईंची नजर दाराकडेच. शेवटी सुनेनेच फोन केला. "ताई, औषधाचं मी बघते. तुम्ही नुसत्या येऊन बसा."

नणंद आली. आईचे केस विंचरता विंचरता म्हणाली, "उशीचा अभ्रा कधी बदलला होता?"

सून चहा टाकायला गेली. सासूबाई मात्र खूप दिवसांनी हसत होत्या.